कन्कशननंतर रेंगाळणारा त्रास

डोक्याला जोराचा धक्का बसला की कवटीतला मेंदू हिंदकळतो आणि काही काळ त्याचे कामकाज बिघडते. हे कन्कशन. त्यासाठी शुद्ध हरपायलाच हवी असे नाही. हेल्मेटमुळे कवटी वाचते, आतले हिंदकळणे पूर्णपणे थांबत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर भारतातली पहिली दिवस-रात्र कसोटी झाली, तेव्हा हे साऱ्यांना दिसले. महंमद शमीचे चेंडू हेल्मेटवर आदळून बांगलादेशचे लिटन दास आणि नईम हसन सामन्याबाहेर गेले. त्याच वर्षी ऑगस्टपासून लागू झालेल्या नियमानुसार त्यांच्या जागी मेहदी हसन मिराज आणि तैजुल इस्लाम आले.

खेळाडूला बदली मिळतो. दुचाकीवरून पडलेल्या माणसाला मात्र सीटी स्कॅन स्वच्छ आला की ‘काही झालेले नाही’ असे सांगून घरी पाठवले जाते. स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा हाड मोडलेले दिसते. कन्कशनचा बिघाड पेशींच्या पातळीवर असतो. पेशीतले पोटॅशियम बाहेर पडते, कॅल्शियम आत शिरते. ही घडी पुन्हा बसवायला ऊर्जा जास्त लागते आणि नेमका तेव्हाच रक्तपुरवठा घटलेला असतो. म्हणून डोके दुखते, गरगरते, उजेड आणि गोंगाट सोसत नाही, वाचलेले लक्षात राहत नाही, चिडचिड होते. बहुतेकांना काही आठवड्यांत आराम पडतो. चार आठवड्यांनंतरही त्रास टिकला, तर तो रेंगाळलेला समजून तपासणी करावी लागते.

अंधाऱ्या खोलीत पडून राहणे हा जुना सल्ला आता मागे पडला आहे. कन्कशनवरच्या २०२२ च्या अ‍ॅमस्टरडॅम परिषदेतील तज्ज्ञांच्या मते पहिले २४ ते ४८ तास बेताची विश्रांती आणि मोबाइल-टीव्ही कमी, एवढे पुरे. त्यानंतर चालणे सुरू करावे. त्रास थोडा वाढून तासाभरात ओसरत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. जास्त वाढला तर वेग कमी करावा, चालणे सोडू नये. लांबलेल्या अंथरुणाने झोपेचे वेळापत्रक आणि मन दोन्ही बिघडतात, हे रुग्णाच्या घरच्यांना पटवणेच सर्वांत अवघड असते.

पुढचा उपचार त्रासाच्या मुळावर ठरतो. बसच्या हेलकाव्यांनी किंवा गर्दीत गरगरत असेल तर तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचे व्यायाम, मान आखडल्याने डोके दुखत असेल तर मानेची फिजिओथेरपी, खिन्नता असेल तर समुपदेशन. वेदनाशामक गोळ्या महिन्यात दहा-पंधरा दिवसांहून जास्त घेतल्या, तर त्यांच्यामुळेच डोके दुखू लागते. काम आणि अभ्यास अर्ध्या दिवसापासून सुरू करून वाढवता येतो. खेळ मात्र डॉक्टरांच्या परवानगीनेच. मेंदू सावरण्याआधी दुसरा मार बसला तर तो जिवावर बेतू शकतो.

वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झटका, हातापायातली शक्ती जाणे किंवा न आवरणारी गुंगी यांपैकी काहीही दिसले, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.