न विरघळणारा नखरंग

ॲसिटोनमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा दोनदा फिरवला की साधे नेलपॉलिश निघून जाते, हे तुम्ही घरी पाहिले असेल. ब्यूटी पार्लरमध्ये दिव्याखाली हात धरून लावलेले ‘जेल’ नेलपॉलिश मात्र असे निघत नाही. कितीही पुसले तरी बोळ्याला रंगाचा डागसुद्धा लागत नाही. लग्नसराई संपून शाळा उघडली की हा रंग घाईघाईने काढायचा असतो. मग पट्टीच्या कडेने तो खरवडण्याचा मोह होतो. रंग निघतो खरा. पण त्याच्याबरोबर नखाचा पापुद्राही निघतो, आणि पुढे कित्येक आठवडे ते नख हुळहुळत राहते.

एकच द्रव, एकच नख. मग एक रंग सहज निघतो आणि दुसरा हटून का बसतो? या प्रश्नाचे उत्तर रेणूंच्या रचनेत आहे. ते एकदा समजले की रंग काढण्याची योग्य रीतही आपोआप कळते.

सुटे धागे आणि विणलेले जाळे

साध्या नेलपॉलिशमधील मुख्य पदार्थ म्हणजे नायट्रोसेल्युलोज. कापसातील सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची क्रिया घडवून तो मिळवतात. १९२० नंतरच्या दशकात मोटारींना चकचकीत रंग देण्यासाठी याच पदार्थाचा उपयोग होऊ लागला, आणि त्याच रंगविद्येतून आजचे नेलपॉलिश आले. बाटलीत तो एथिल ॲसिटेट, ब्यूटिल ॲसिटेट अशा विद्रावकांत विरघळलेला असतो. नखावर लावल्यावर विद्रावक उडून जातो आणि नायट्रोसेल्युलोजचे लांबलचक रेणू एकमेकांत गुंतून त्यांचा पापुद्रा तयार होतो. ते गुंतलेले असले तरी एकमेकांना रासायनिक बंधांनी जोडलेले नसतात. म्हणून ॲसिटोन मिळताच ते सुटे होतात आणि पुन्हा विरघळतात. येथे घडला तो केवळ भौतिक बदल, आणि तो सहज उलटवता येतो.

जेलची गोष्ट वेगळी आहे. त्यात ॲक्रिलेट व मेथॅक्रिलेट जातींचे लहान रेणू असतात, आणि प्रकाशाने फुटणारा एक ‘प्रकाश-प्रारंभक’ थोड्या प्रमाणात मिसळलेला असतो. पार्लरमधील दिवा साधारणपणे ३६५ ते ४०५ नॅनोमीटर तरंगलांबीचे किरण देतो. म्हणजे हे किरण जंबुपार (अतिनील) भागात आणि त्याला लागून असलेल्या जांभळ्या भागात येतात. प्रकाशकणाची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये काढायची असेल तर १२४० या संख्येला नॅनोमीटरमधील तरंगलांबीने भागावे. ३६५ साठी उत्तर येते सुमारे ३.४, तांबड्या प्रकाशाच्या ६५० साठी केवळ १.९. प्रारंभकाचा रेणू फोडायला जांभळ्या बाजूचा कण पुरतो. तांबडा कण कितीही संख्येने आला तरी पुरत नाही.

प्रारंभक फुटला की ‘मुक्त मूलके’ तयार होतात. ती लहान रेणूंना एकामागून एक जोडत जातात आणि मिनिटा-दोन मिनिटांत बहुवारिक तयार होते. या लहान रेणूंपैकी पुष्कळांना जोडणीसाठी दोन किंवा अधिक हात असतात. त्यामुळे नुसत्या साखळ्या न होता साखळीला साखळी आडवी जोडली जाते आणि सगळ्या थराचे एक अखंड जाळे विणले जाते. हा रासायनिक बदल आहे. विरघळणे म्हणजे रेणू एकमेकांपासून सुटून द्रवात पसरणे. ज्या जाळ्यात रेणू सुटाच उरला नाही, ते विरघळणार कसे?

विरघळणे निराळे, फुगणे निराळे

एका पेल्यात चमचाभर साखर आणि दुसऱ्यात चमचाभर सब्जा टाका; दोन्हींत पाणी घाला. साखर दिसेनाशी होते. सब्जाच्या प्रत्येक बीभोवती मात्र पारदर्शक गिलावा फुगतो आणि तो बीला धरूनच राहतो. पाणी त्यात शिरले, पण त्याला सोडवून नेऊ शकले नाही.

जेलमध्ये नेमके असेच घडते. ॲसिटोनचा रेणू लहान असतो. तो जाळ्याच्या छिद्रांतून आत शिरतो. जाळे ताणले जाते, थर फुगतो आणि मऊ पडतो. ताणलेल्या जाळ्याचा आत खेचणारा जोर आणि आत शिरू पाहणाऱ्या द्रवाचा जोर समान झाले की फुगणे थांबते. हा समतोल पॉल फ्लोरी आणि जॉन रेनर यांनी १९४३ मध्ये गणिताने मांडला. बहुवारिकांवरील कार्यासाठी फ्लोरी यांना १९७४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. जेलचा थर फुगतो. पण त्याखालचे नख तितके फुगत नाही. वरचा थर पसरू पाहतो आणि खालचा त्याला धरून ठेवतो. या ओढाताणीत दोघांमधील चिकटण तुटते. ओल लागलेल्या भिंतीवरचा रंग पोपडे धरून सुटतो, तसाच हा थर सुरकुततो आणि उचलला जातो. तेव्हा ‘ॲसिटोनने जेल विरघळले’ हे म्हणणे बरोबर नाही. ॲसिटोनने ते फुगवले आणि सोडवले. भिजवून निघणाऱ्या जेलमध्ये जाळीची वीण मुद्दाम सैल ठेवलेली असते. कठीण जेलमध्ये वीण इतकी दाट असते की ॲसिटोनचा इलाज चालत नाही. ते कानशीने घासूनच काढावे लागते.

बेदाण्यापासून धडा

तासगाव द्राक्षांचे आणि बेदाण्याचे गाव. थॉमसन सीडलेसपासून निवडलेल्या एका द्राक्षजातीला ‘तास-ए-गणेश’ हे नाव आहे, ते याच गावावरून. बेदाणा करणारा शेतकरी द्राक्षे तशीच सुकायला टाकत नाही. आधी तो घड पोटॅशियम कार्बोनेट आणि ‘डिपिंग ऑइल’ म्हणजे मुख्यतः एथिल ओलिएट यांच्या पाण्यात काही मिनिटे बुडवून काढतो. मग ते शेडमधील जाळ्यांवर पसरतो. हे कशासाठी? द्राक्षाच्या सालीवर मेणाचा अतिशय पातळ थर असतो आणि तो आतले पाणी बाहेर जाऊ देत नाही. बुडवणीने त्या मेणाची रचना बदलते, पाण्याला वाट मिळते आणि सुकण्याचा काळ पुष्कळ कमी होतो.

द्राक्षात पाणी बाहेर यायचे असते, जेलमध्ये ॲसिटोन आत जायचे असते. दिशा उलट, तत्त्व एकच : बाहेरचा पातळ थरच दारावरचा पहारेकरी असतो. जेलवर शेवटी लावलेला चमकदार ‘टॉप कोट’ बहुधा सर्वांत दाट विणीचा असतो. तो न काढता तासभर बोटे भिजवली तरी उपयोग थोडा. म्हणून जाणकार पार्लरवाल्या ताई आधी हलक्या हाताने कानस फिरवून केवळ चमक घालवतात. जेल ‘निघतच नाही’ अशी तक्रार असते तेव्हा ही पायरी वगळलेली आहे का, ते प्रथम पाहावे.

वेळेचे गणित

द्रव थरात शिरतो तो विसरणाने. विसरणाचा एक नियम फार उपयोगी आहे : आत शिरायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. समजा, एका थरातून आरपार जायला ४ मिनिटे लागतात. थर दुप्पट जाड असेल तर ८ नव्हे, १६ मिनिटे लागतील. तिप्पट असेल तर ३६. उलट, घासून जाडी निम्मी केली तर वेळ चौथाई होतो. रंगाचे थरावर थर चढवलेली नखे का छळतात, ते यावरून कळेल.

दुसरी गोष्ट तापमानाची. ॲसिटोन ५६ अंश सेल्सिअसला उकळते, म्हणून साध्या तापमानालाही ते भराभर उडते. उडताना प्रत्येक ग्रॅममागे ते सुमारे ५०० जूल उष्णता बोटाकडून घेते. बोट गार पडते आणि विसरण मंदावते. बोटावर ॲसिटोनचा बोळा ठेवून वरून ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळतात तो यासाठीच. कागद वाफ अडवतो, बोळा ओला ठेवतो आणि बोटाची ऊब आत राखतो. अशा रीतीने १० ते १५ मिनिटे थांबले की थर सुरकुततो. मग लाकडी काडीने तो अलगद ढकलावा. एखादा तुकडा हटून बसला तर तो न खरवडता पुन्हा पाच मिनिटे गुंडाळावे. ‘ॲसिटोनविरहित’ म्हणून मिळणारे द्रव साध्या नेलपॉलिशला चालतात, जेलपुढे ते फिके पडतात.

घाईची किंमत

नख केराटिन या प्रथिनाचे असते आणि त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते. खरवडून निघालेला पापुद्रा परत चिकटत नाही. नवे नख मुळाकडून यावे लागते. हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते, म्हणजे संपूर्ण नवे नख यायला सहा महिने लागतात. जूनमध्ये शाळा उघडताना खरवडलेले नख पूर्ववत व्हायला दिवाळी उलटते! ॲसिटोनही नखातील तेल आणि पाणी शोषते, म्हणून काम झाल्यावर हात धुऊन खोबरेल लावणे चांगले.

याहून मोठा धोका आगीचा. ॲसिटोनची वाफ उणे २० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. ॲसिटोनचा रेणुभार ५८ आणि हवेचा सरासरी २९. म्हणजे ही वाफ हवेच्या दुप्पट जड. ती वर न जाता जमिनीलगत पसरत जाते. घराच्या पुढच्या खोलीत पार्लर आणि मागे स्वयंपाकघर, अशी रचना पुष्कळ ठिकाणी असते. देव्हाऱ्यातले निरांजन, उदबत्ती, गॅसची शेगडी, यांपैकी काहीही पेटलेले असताना बाटली उघडू नये. ॲसिटोन गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये कधीही गरम करू नये. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. कारण गिऱ्हाईक अर्ध्या तासाने घरी जाते, पण काम करणारी ताई दिवसभर त्याच हवेत असते. न जोडले गेलेले ॲक्रिलेट रेणू त्वचेला लागत राहिले तर कायमची ॲलर्जी होऊ शकते. म्हणून तिने हातमोजे घालणे हा नखरा नव्हे. टीपीओ नावाचा एक प्रकाश-प्रारंभक तर १ सप्टेंबर २०२५ पासून युरोपीय संघाने सौंदर्यप्रसाधनांत वापरण्यास बंदी केली आहे.

करून पाहा

नैसर्गिक रबराच्या रबरबँडचा तुकडा आलेख कागदावर ठेवून त्याची लांबी मोजा. शिक्षकांच्या देखरेखीखाली तो झाकणाच्या बाटलीत केरोसीनमध्ये एक दिवस ठेवा आणि चिमट्याने काढून पुन्हा मोजा. रबरातही गंधकाने विणलेले जाळे असते. त्याचा शोध चार्ल्स गुडइयर यांनी १८३९ मध्ये लावला. तुकडा विरघळणार नाही, फुगेल. लांबी १.३ पट झाली तर आकारमान किती पट होईल? १.३ चा घन करा, उत्तर २.२ च्या जवळ येईल. मग तुकडा उघड्या हवेत, ज्योतीपासून दूर ठेवून द्या आणि काही दिवसांनी पुन्हा मोजा. तो मूळ लांबीकडे परततो का? परतत असेल तर का, याचे उत्तर तुम्हाला आता स्वतःच देता यायला हवे.