दंडावरची पट्टी

मेळघाटातल्या अंगणवाडीत वजनकाटा असतो, उंची मोजायची फळी असते, पण सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे लाल-पिवळी-हिरवी पट्टी. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा डावा हात कोपरात वाकवून खांद्याचं आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मधे खूण करायची. मग हात सैल सोडून त्या खुणेवर पट्टी गुंडाळायची. पट्टी आवळली तर आकडा कमी येतो, ढिली राहिली तर जास्त. ११.५ सेंटिमीटरच्या आत लाल, तिथून १२.५ पर्यंत पिवळा, पुढे हिरवा. वयानुसार वेगळे आकडे लागत नाहीत, कारण पहिल्या वर्षापासून पाचव्यापर्यंत दंडाचा घेर फारसा वाढत नाही. बाळसं झडतं आणि त्या जागी स्नायू भरतात. जन्मतारखेची नोंद नसलेल्या घरात ही मोठीच सोय.

पट्टीला एक गोष्ट मात्र कळत नाही: सूज. म्हणून दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून बघायचा. दोन्हीकडे खळगा राहिला, तर पट्टीचा रंग कोणताही असो, मूल तीव्र कुपोषित धरायचं. फुगलेल्या गालांमुळे अशी मुलं अनोळखी माणसाला गुटगुटीत वाटतात.

यानंतर बघायची ती भूक. मूल खात असेल, सूज, ताप, जुलाब नसतील, तर गावातल्याच ग्राम बाल विकास केंद्रात काम भागतं. यांपैकी काही असेल किंवा अन्न तोंडात घेतच नसेल, तर दवाखान्यातलं पोषण पुनर्वसन केंद्र.

तिथे पहिल्या दिवशी ताटभर जेवण मिळत नाही, याचं आजीला हमखास आश्चर्य वाटतं. उपाशी शरीराने हृदय, यकृत, मूत्रपिंड सगळ्यांचं काम मंदावून ठेवलेलं असतं. एकदम भरपूर खाऊ घातलं तर रक्तातल्या क्षारांचा तोल जातो आणि मूल दगावूही शकतं. म्हणून आधी दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, थोडं थोडं पातळ दूध: १०० मिलिलिटरमध्ये ७५ कॅलरी, प्रथिनं मुद्दाम कमी. रात्रीची पाळी चुकली तर साखर उतरते, अंग गार पडतं. लोहाचं औषधही सुरुवातीला देत नाहीत, कारण जंतुसंसर्ग बळावण्याची भीती असते. सूज ओसरायला लागली आणि मूल वाटीसाठी हात पुढे करू लागलं, की १०० कॅलरींचं दूध, मग घरचं जेवण.

हे सगळं बिनचूक झालं तरी अडतं ते कॅलेंडरवर. इथली कोरकू आदिवासी कुटुंबं दिवाळीनंतर मजुरीसाठी बाहेर पडतात आणि होळीला परततात. होळी हा त्यांचा सर्वांत मोठा सण. मधल्या महिन्यांत मूल गावच्या वजनाच्या नोंदीतून निसटतं. पावसाळ्यात घरातलं धान्य सरतं, जुलाब वाढतात, आणि आई दिवसभर शेतात असते. कोदो-कुटकीच्या शेतात आता सोयाबीन आलं. ते बाजारात जातं, ताटात येत नाही. २०१५पासून अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत रोज एक चौरस जेवण मिळतं, तेवढा आधार आहे.

पुनर्वसन केंद्रात आईला बुडालेल्या मजुरीचा मोबदला मिळतो. पण पेरणीच्या दिवसांत दोन आठवडे ती तिथे राहिली तर घरच्या धाकट्यांना कोण सांभाळणार? उपचार अर्धवट सोडून जाणाऱ्या आईला अडाणी म्हणणाऱ्यांनी आधी एवढं विचारावं. माझ्या मते दर महिन्याच्या ठरलेल्या मोजणीखेरीज दोन मोजण्या चुकूच नयेत. एक होळीच्या आठवड्यात, गाव भरलेलं असताना; दुसरी मे संपता संपता, पावसाआधी. ऑगस्टमध्ये पट्टी लाल निघाली, तर त्या मुलाला दुथडी भरलेल्या नाल्यापलीकडे न्यावं लागतं.