भरदार आवाज आणि शेजाऱ्याची जागा



मी जे शिकलो ते कारखान्याच्या दारातल्या सभांत. तिथे एक गोष्ट पक्की कळली. कर्ण्याच्या ताकदीपलीकडे ओरडले की आवाज फाटतो. शब्द कामगाराला कळत नाहीत आणि शेजारच्या घरातले आजारी माणूस मात्र दचकून जागे होते.

जुन्या हौशी रेडिओ ट्रान्समीटरांचेही असेच आहे. अमेरिकेत १९५५ च्या सुमारास हीथकिट कंपनीचा डीएक्स-१०० हा संच सुट्या भागांत मिळे; घेणारा तो घरी जोडी. असे संच हौशी मंडळी अजून चालवतात आणि त्यांचा आवाज सुधारतात. ही सुधारणा म्हणजे काय?

ट्रान्समीटर एक संथ लहर सोडतो. बोलण्याबरहुकूम तिची उंची कमीजास्त करणे, याचे नाव मॉड्युलेशन. डीएक्स-१०० मध्ये १६२५ जातीचे दोन व्हॉल्व्ह आवाजाला बळ देतात आणि तो ट्रान्सफॉर्मरमधून शेवटच्या दोन ६१४६ व्हॉल्व्हना मिळणाऱ्या विजेत मिसळतो. हिशेब सोपा आहे : त्या व्हॉल्व्हना १०० वॉट वीज दिली, तर पूर्ण मॉड्युलेशनला ५० वॉटांचा आवाज लागतो.

त्या काळच्या संचांत खर्ज मुद्दाम छाटलेला असे. शब्द कळण्यास ३०० ते ३००० हर्ट्झ पुरतात. मग मोजकी ताकद खर्जावर का उधळा? ही छाटणी बहुधा दोन टप्प्यांमधला लहानसा कंडेन्सर करतो. समजा, तो ०.००१ मायक्रोफॅरडचा आहे आणि पुढे ४७०,००० ओहमचा रोध आहे. तर सुमारे ३४० हर्ट्झखाली आवाज गळू लागतो. त्याजागी ०.०१ चा लावला की ही सीमा ३४ हर्ट्झवर उतरते आणि बोलणाऱ्याचा गळा ओळखू येतो.

दुसरी सुधारणा बिनपैशाची. माणसाच्या आवाजाची लाट बहुधा दोन्ही बाजूंनी सारखी नसते; एका बाजूची शिखरे उंच असतात. ती खालच्या बाजूस पडली तर लहर शून्याला टेकून तुटते आणि तिचे तुकडे शेजारच्या जागेत उडतात. दोन तारांची अदलाबदल करून उंच शिखरे वर वळवली की तोच संच अधिक मोकळा बोलतो.

मात्र वरची सीमा सैल करू नये. ३००० हर्ट्झचा आवाज हवेत ६००० हर्ट्झ जागा अडवतो; सीमा दुप्पट केली की जागाही दुप्पट, आणि ती दुसऱ्याची असते.

शेवटी जिवाची गोष्ट. आत शेकडो व्होल्टचा दाब असतो आणि बटण बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये तो टिकतो. प्लग काढावा, कंडेन्सर रिकामे करावेत, मीटरने खात्री करावी, मगच हात घालावा. यंत्र पुन्हा जोडता येते, माणूस नाही.

आपला आवाज भरदार करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. दुसऱ्याचा आवाज बुजवण्याचा कोणालाच नाही.