मूकपटातील निष्ठा आणि पत्नीवरचा भार

प्रेमकथा विवाहापाशी संपवण्याचा संकेत बाजूला ठेवून पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अनेक अमेरिकी मूकपटांनी विवाहानंतरचा संसार, त्यातील कंटाळा आणि परक्या व्यक्तीची ओढ हेच कथेचे विषय केले. घटस्फोटांचे प्रमाण वाढत होते, शहरांतील स्त्रिया नोकरी करू लागल्या होत्या आणि १९२० मध्ये घटनादुरुस्तीने त्यांना मतदानाचा हक्क मिळाला. अशा काळात पती-पत्नींनी एकमेकांकडून काय अपेक्षा ठेवावी, हा प्रश्न प्रेक्षकांच्या घरातलाच होता. मूकपटांनी तो धीटपणे मांडला. मात्र त्यातील गाजलेल्या चित्रपटांनी निष्ठा टिकवण्याचा भार अखेर पत्नीवरच टाकला.

दिग्दर्शक सेसिल बी. डमिल यांचे दोन चित्रपट शेजारी ठेवले की हा भेद उघड होतो. ‘डोन्ट चेंज युवर हजबंड’ (१९१९) मध्ये ग्लोरिया स्वॉन्सन यांनी रंगवलेली पत्नी गबाळ्या, कांदा खाऊन जवळ येणाऱ्या पतीला कंटाळून दुसरा विवाह करते. पण दुसरा पती अधिकच वाईट निघतो आणि ती सुधारलेल्या पहिल्या पतीकडे परतते. ‘व्हाय चेंज युवर वाइफ?’ (१९२०) मध्ये त्याच अभिनेत्रीची पत्नी चष्मा लावणारी, साधी आणि उपदेशप्रिय आहे, म्हणून पती दुसरीकडे वळतो. कपड्यांच्या दुकानात इतर बायका तिच्याच साधेपणाला दोष देत आहेत, हे कानावर पडताच ती भडक, अंग उघडे टाकणारे पोशाख मागवते आणि पुढे पतीला परत मिळवते. पहिल्या चित्रपटात पतीचे दोष मान्य केले असले, तरी घर सोडणे ही पत्नीची चूक ठरते. दुसऱ्यात घर पती सोडतो आणि त्याचे कारणही पत्नीच ठरते.

एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ यांच्या ‘सनराइज’मध्ये (१९२७) हाच भेद अधिक गंभीर रूप घेतो. त्यातील पात्रांना नावे नाहीत: गावातला एक पुरुष, त्याची पत्नी आणि शहरातून आलेली स्त्री. ही तिसरी स्त्री त्या काळच्या ‘व्हॅम्प’ या साच्यातली, म्हणजे पुरुषाला भुरळ घालून त्याचा नाश करणारी. आखूड कापलेले काळे केस आणि हातातली सिगारेट ही तिची खूण, तर घट्ट बांधलेला फिकट केसांचा अंबाडा ही पत्नीची. पत्नीला बुडवण्याची सूचना ती करते, तेव्हा संवाद सांगणाऱ्या पाटीवरची अक्षरेच खाली घसरत बुडताना दिसतात. होडीत पती अंगावर चालून येतो, पत्नी हात जोडते आणि त्याचा हात थांबतो. पुढे शहरातल्या चर्चमध्ये परक्या जोडप्याचा विवाह चालू असताना पत्नीच्या रक्षणाचे वचन ऐकून तो ढसाढसा रडतो आणि ती त्याला जवळ घेते.

पत्नीची भूमिका करणाऱ्या जेनेट गेनर यांच्या चेहऱ्यावरची भीती हळूहळू विश्वासात बदलताना दिसते, आणि शब्दांवाचून हे घडवणे हे मूकपटाचे सामर्थ्य आहे. अभिनेत्रीसाठीचे पहिले ऑस्कर त्यांना १९२९ मध्ये मिळाले, ते या भूमिकेसह आणखी दोन भूमिकांसाठी. तरीही कथेचा न्याय एकतर्फी आहे. हरमान झूडरमान यांच्या मूळ कथेत पती अखेर बुडून मरतो. चित्रपटात मात्र खुनाचा बेत करणाऱ्याला घर, मूल आणि क्षमा मिळते, हाकलली जाते ती शहरातली स्त्री, आणि पत्नीच्या स्वतःच्या इच्छेला कथेत फारशी जागाच नाही.

हे चित्रपट कलेच्या दृष्टीने थोर आहेत आणि ते आवर्जून पाहायलाच हवेत; पण पाहताना शेवटच्या समेटावर समाधान न मानता, त्या समेटासाठी पत्नीने काय सोसले आणि पतीला कशाची किंमत मोजावी लागली नाही, याचाही हिशेब प्रेक्षकाने मांडला पाहिजे.