वर्गातलं वाचन – भाग ५ : आधी गोष्ट, मग बाराखडी

‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणातली वाचनचाचणी ज्यांनी घेतली किंवा जवळून पाहिली आहे, त्यांना तो कागद डोळ्यांसमोर येईल. सुटी अक्षरं, सुटे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि सर्वांत अवघड म्हणून दुसरीच्या पातळीची गोष्ट. २०२४च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या ४८.८ टक्के मुलांना ती गोष्ट वाचता आली. म्हणजे निम्म्याहून जास्त मुलं त्या गोष्टीच्या अलीकडेच कुठेतरी अडकली.

चाचणीत गोष्ट शेवटी असणं ठीकच आहे, ते मोजमाप आहे. घोटाळा हा की शिकवतानाही आपण तीच उतरंड धरतो. आधी मुळाक्षरं, मग काना-मात्रा-वेलांटी, मग जोडाक्षरं. आणि गोष्टीचं पुस्तक? ‘वाचता यायला लागलं की देऊ.’ ज्याला वाचता येत नाही त्याच्या हाती पुस्तक पडत नाही, आणि पुस्तक हाती पडत नाही म्हणून एवढा खटाटोप कशासाठी चाललाय हे त्याला उमगत नाही.

मागच्या भागात आपण अक्षरगट पाहिले, म्हणजे अक्षरं छोट्या गटांनी शिकवणं. ते काम चालूच राहायला हवं, त्याला सुट्टी नाही. पण त्याच्या जोडीने पहिलीच्या पहिल्या आठवड्यापासून रोज आणखी एक काम व्हायला हवं : बाईंनी किंवा गुरुजींनी मुलांना पुस्तक वाचून दाखवायचं.

यावर शिक्षक हमखास म्हणतात, ‘गोष्टी तर आम्ही सांगतोच की!’ खरं आहे. साने गुरुजींच्या महाराष्ट्रात गोष्ट सांगणाऱ्या शिक्षकांची वाण कधीच नव्हती. हातवारे, आवाजातले चढउतार, शनिवारची सकाळची शाळा आणि खिदळणारी पोरं. ते जरूर चालू द्यावं. पण सांगणं वेगळं आणि वाचून दाखवणं वेगळं. सांगताना शब्द दर वेळी बदलतात. वाचताना तेच शब्द, त्याच जागी, त्याच क्रमाने येतात. तिसऱ्यांदा ऐकणारं मूल, बाईंनी एक ओळ गाळली की, ‘बाई, ते राहिलं!’ म्हणून ओरडतं. गोष्ट बाईंच्या तोंडात नसून त्या कागदावर आहे, हे त्याला कळल्याची ती पावती. ज्या घरात पुस्तकं आहेत तिथे हे मूल शाळेत यायच्या आधीच शिकून येतं. बाकीच्यांसाठी शाळा हीच पहिली जागा.

दुसरा मुद्दा भाषेचा. पुस्तकी मराठी ही कुणाचीच घरची भाषा नसते. वारली, कातकरी, अहिराणी बोलणाऱ्या मुलांची तर नाहीच, पण पुण्या-मुंबईच्या मुलांचीही नाही. घरी आपण ‘मग ती म्हणाली की थांब’ असं बोलतो. पुस्तकात ‘“थांब,” ती म्हणाली’ असं येतं. बोलणारं माणूस कोण ते बोलून झाल्यावर कळतं, तोवर वाक्य मनात धरून ठेवावं लागतं. ‘इतक्यात’, ‘एवढं असूनही’, ‘पाहता पाहता’ असे सांधेही रोजच्या बोलण्यात फारसे येत नाहीत. हे सगळं शेकडो वेळा कानावर पडलेलं असेल, तर पुढे डोळ्यांनी वाचताना पुढचा शब्द काय असेल याचा अंदाज बांधता येतो. कानावर पडलेलंच नसेल, तर मूल एकेक अक्षर जोडत ओळीच्या शेवटी पोचतं तेव्हा तिची सुरुवात विसरलेलं असतं.

वाचून दाखवायचं तर चित्रं दिसायला हवीत. पुस्तक खांद्याजवळ, पानं मुलांकडे. तरीही मागे बसलेल्यांना नीट दिसत नाही. न्यूझीलंडचे शिक्षणतज्ज्ञ डॉन होल्डवे यांनी यावर साधा तोडगा काढला : पुस्तकच एवढं मोठं करायचं की मागच्या मुलालाही ओळ दिसेल, आणि वाचताना शब्दाखाली बोट फिरवायचं. घरी आजीच्या मांडीवर बसून जे मिळतं ते तीस जणांना एकदम द्यायचा हा प्रयत्न. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर असं मोठं पुस्तक कुणालाही करता येतं.

आता एक पुस्तक उघडून पाहू. पॅट हचिन्स यांचं ‘रोझीज वॉक’, साल १९६८. रोझी नावाची कोंबडी फिरायला निघते. अंगण, तळं, गवताची गंजी असं करत ती खुराड्यात परतते. मजकूर एवढाच, जेमतेम दोन-तीन ओळींचा. पण चित्रांत तिच्या मागे पहिल्यापासून एक कोल्हा आहे. तो झेप घेतो आणि दर वेळी फजित पावतो : कधी दाताळ्याचा दांडा तोंडावर बसतो, कधी तळ्यात पडतो, शेवटी मधमाश्या पाठीस लागतात. मजकुरात कोल्ह्याचं नावसुद्धा नाही. अशा वेळी शिक्षकाने फक्त छापलेलं वाचावं, तेही सरळ चेहऱ्याने. कोल्हा मुलंच शोधतात आणि गलका करतात. अजून एक अक्षर न येणारं मूलही तिथे वाचक झालेलं असतं, कारण मजकुरात नसलेलं त्याने स्वतः ताडलं. त्या गलक्यात ‘गप्प बसा’ म्हणणाऱ्याने पुस्तक हातात घेऊच नये, असं माझं मत आहे.

मराठीत चित्रांतूनही बोलणारी पुस्तकं करण्याचं काम माधुरी पुरंदरे यांनी फार ताकदीने केलंय. ‘राधाचं घर’ आणि यश नावाच्या मुलाच्या गोष्टींची पुस्तकं वाचून पाहा. त्यांत उपदेश नाही, घरातली माणसं आहेत. वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याची ‘क्वेस्ट’ ही संस्था ‘गोष्टरंग’ उपक्रमात तरुण नाट्यकर्मींना घेऊन आदिवासी भागातल्या मुलांपर्यंत बालसाहित्य पोचवते, तेही आवर्जून पाहावं असं आहे.

वाचून झालं की? आपल्याकडे लगेच ‘या गोष्टीवरून काय शिकलात?’ असा प्रश्न येतो, आणि पोरं ‘खरे बोलावे’ असं एका सुरात सांगून मोकळी होतात, गोष्ट कोल्ह्याची असो की कोथिंबिरीची. तात्पर्य विचारू नका. ‘कोल्ह्याच्या जागी तू असतास तर?’ विचारा, किंवा काहीच विचारू नका. उद्या तीच गोष्ट परत मागितली तर समजली असं धरा.

राहता राहिला पुस्तकांचा प्रश्न. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय हवं असं म्हटलंय, आणि त्यात गोष्टीची पुस्तकं असावीत हेही स्पष्ट लिहिलंय. पुष्कळ शाळांत पुस्तकं आहेतही, पण कुलपात. हरवलं-फाटलं तर भरून कोण देणार, ही मुख्याध्यापकांची धास्ती खोटी नाही. ती घालवायचं काम वरच्या साहेबांचं. तपासणीला आल्यावर त्यांनी फाटकी पुस्तकं पाहून रागावण्याऐवजी कोऱ्या पुस्तकांबद्दल जाब विचारावा.

वेळ नाही ही सबबही फारशी टिकत नाही. द्विशिक्षकी शाळेत पहिली ते चौथी एकत्र बसवून करता येतील अशी कामं मोजकीच, त्यांतलं हे एक. शाळेतल्या दुपारच्या खिचडीनंतर मुलं पेंगुळतात ती दहा मिनिटं पुरेत.

तेव्हा शिक्षक वाचकांना विनंती : पुढचा भाग येईपर्यंत रोज एक पुस्तक वाचून दाखवा आणि मुलांनी कोणतं परत मागितलं ते टिपून ठेवा. पुस्तकं नसतील तर प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी मोफत मिळतात. त्या छापून घ्यायलाही परवानगी आहे.