विश्लेषण : नागभीडची नॅरोगेज गेली, जंगलातल्या नव्या रेल्वेपुढचा पेच काय?

नागपूर-नागभीड नॅरोगेज गाडी २५ नोव्हेंबर २०१९ रोजी बंद झाली. हा मार्ग आता ब्रॉडगेज होत आहे, तर शेजारच्या गडचिरोलीत वडसा-गडचिरोली हा ५२ किलोमीटरचा नवा मार्ग आखला गेला आहे. दोन्हींची वाट वाघांच्या मुलखातून जाते.

जंगलात छोटी रेल्वे का आली?

पैसा. नॅरोगेजच्या दोन रुळांमधले अंतर ७६२ मिलिमीटर, ब्रॉडगेजचे १६७६. रूळ जवळ असले की भराव अरुंद लागतो, वळणे तीव्र घेता येतात, पूलही हलके चालतात. त्यामुळे बंगाल नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सातपुडा आणि वैनगंगेच्या खोऱ्यात नॅरोगेजचे जाळे विणले. गोंदिया-नागभीड-चांदा फोर्ट आणि नागपूर-नागभीड हे त्याचेच भाग.

चंद्रपुरात दोन स्थानके कशी?

वर्ध्याकडून कोळशासाठी आलेली रेल्वे ब्रॉडगेज होती, गोंदियाकडून आलेली नॅरोगेज. दोघींचे डबे एकमेकींच्या रुळांवर चालणे शक्यच नव्हते. म्हणून चंद्रपूर आणि चांदा फोर्ट अशी दोन स्थानके. माल एका गाडीतून उतरवून दुसरीत चढवायचा, म्हणजे हमाली आणि वेळ दोन्ही वाया. बांधताना वाचवलेला पैसा असा वर्षानुवर्षे फेडावा लागला. गोंदिया-चांदा फोर्ट मार्ग १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाला आणि पुढे त्यावरून दक्षिणेकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्या धावू लागल्या.

मग नागभीडची गाडी एवढी का टिकली?

खरे तर ती उरली होती. आजूबाजूचे मार्ग एकेक करून रुंद होत गेले. २०१५ मध्ये छिंदवाडा आणि जबलपूरकडच्या नॅरोगेज गाड्याही थांबल्या आणि हा मार्ग ब्रॉडगेजच्या समुद्रातले बेट झाला. सुमारे ११० किलोमीटरला चार-पाच तास लागत. तरी उमरेड, भिवापूर, नागभीडच्या प्रवाशांना तिकीट परवडत होते. गाडी बंद झाल्यावर नवी लगेच आली नाही. मधली वर्षे या लोकांनी एसटी आणि खासगी वाहनांवर काढली. रूपांतराचे काम ‘महारेल’कडे आहे.

गडचिरोलीला काय मिळाले?

एक स्थानक. गोंदियाहून येणारी रेल्वे वडसा (देसाईगंज) येथे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला स्पर्श करते आणि वैनगंगा ओलांडून ब्रह्मपुरीकडे वळते. १९८२ मध्ये जिल्हा वेगळा झाला, तरी मुख्यालयात रूळ पोहोचले नाहीत. सुरजागडचे लोहखनिज ट्रकने बाहेर पडते आणि त्याचा भार व अपघातांची भीती आष्टी-आलापल्लीच्या रस्त्यावरची गावे सोसतात. रेल्वे हवी, ही तिथली मागणी म्हणूनच अवाजवी म्हणता येत नाही.

अडचण वाघांची की वेगाची?

वेगाची. ताडोबा, घोडाझरी आणि उमरेड-कऱ्हांडला या जंगलांमध्ये वाघ ये-जा करतात. नागभीडचा मार्ग त्याच पट्ट्यात आहे. रडतखडत जाणाऱ्या छोट्या गाडीला प्राणी दिसल्यावर थांबण्याची थोडी तरी संधी असे. वेगातल्या जड गाडीला ती नसते. नोव्हेंबर २०१८ मध्ये चंद्रपूरजवळ जुनोनाच्या जंगलात वाघाचे तीन बछडे रेल्वेखाली सापडून मेले. तो गोंदिया-बल्लारशाह मार्ग, म्हणजे एकेकाळची नॅरोगेजच.

उपाय कोणते?

प्राण्यांच्या वाटेवर भुयारी मार्ग, काही ठिकाणी रूळच उंचावरून नेणे, रात्री वेगमर्यादा. पहिल्या दोन उपायांचा खर्च आराखड्यातच धरावा लागतो. भराव घालून झाल्यावर खालून वाट काढणे फार महाग पडते. वेगमर्यादेला खर्च कमी, पण ती रोज पाळावी लागते. वडसा-गडचिरोलीच्या वनमंजुरीतही हाच विषय कळीचा ठरला.