ड्युटी संपली, आता झोपायचं कुठे?

आधी कबुली देऊन टाकतो. २०१८ च्या गणेशोत्सवात, बंदोबस्ताला आलेल्या जवानांना आमच्या सोसायटीचा हॉल द्यायचा नाही, असं ठरवणाऱ्यांत मीही होतो. नुसता होतो असं नाही, सेक्रेटरी होतो!

आमची सोसायटी लक्ष्मी रोडपासून चालत दहा मिनिटांवर. पार्किंगच्या वर एक छोटासा हॉल. बारशी, वाढदिवस, सकाळचा योगा क्लास, सगळं तिथंच. विसर्जनाच्या दोन दिवस आधी चौकीवरून निरोप आला, बाहेरगावाहून जवान येतायत, दोन रात्री हॉल मिळेल का? झालं, तातडीची मीटिंग बसली. एक काका म्हणाले, नवीन फ्लोअरिंग आहे. एक काकू म्हणाल्या, मुली रात्री-बेरात्री येतात. कुणाला पाण्याच्या टँकरची काळजी, तर कुणाला दोरीवर वाळणाऱ्या बनियनची. मी लॅपटॉप उघडून बुकिंगची एक्सेल शीट दाखवली आणि म्हणालो, "हॉल बुक आहे. नियम सगळ्यांना सारखा." खरं तर बुकिंग फक्त योगा क्लासचं होतं. ते सहज हलवता आलं असतं.

विसर्जनाच्या रात्री आमच्या पथकाचं वादन बाराला थांबलं. ढोल टेम्पोत चढवून घरी निघालो तेव्हा दीड वाजला असेल. आमच्याच गल्लीत, बंद दुकानांच्या ओट्यावर आठ-दहा जवान ओळीनं झोपले होते. उशाला किट बॅग, अंगाखाली पेपर. आणि सगळ्यांच्या पायात बूट, लेससकट बांधलेले. मी मान खाली घालून गेट उघडलं.

दुसऱ्या दिवशी मामाला फोन लावला. मामाची सगळी नोकरी खाकीत आणि बरीचशी बंदोबस्तात गेली. म्हटलं, "मामा, हे लोक बूट घालून का झोपतात रे?"

"उभं राहून पाय सुजलेले असतात. एकदा काढले की परत चढत नाहीत. आणि शिट्टी कधी वाजेल, नेम नसतो."

"पण असं ओट्यावर..."

"अरे, झोप काय, कुठंही लागते. पाठ टेकली की संपलं. सकाळी जायचं कुठं, हा खरा प्रश्न! तुमच्या हॉलला संडास आहे ना?"

आहे. एक नाही, दोन आहेत. मी विषय बदलला.

वॉशिंग्टनचा बेसमेंट

हे सगळं पुन्हा आठवलं ते जानेवारी २०२१ मध्ये. वर्क फ्रॉम होम चालू होतं, क्लायंट अमेरिकेतला, त्यामुळे माझी रात्र म्हणजे त्यांचा दिवस. ६ जानेवारीला वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलवर, म्हणजे त्यांच्या संसदेवर, जमाव चालून गेला. मग राजधानीत नॅशनल गार्डचे जवान उतरले. शपथविधीपर्यंत हा आकडा साधारण २५ हजारांवर गेला. १३ जानेवारीला फोटो आले. संगमरवरी फरशीवर, पुतळ्यांच्या पायाशी, रायफल कुशीत घेऊन झोपलेले शेकडो जवान.

हे गार्डवाले तसे आपल्यासारखेच नोकरदार. बहुतेकांची एरवी वेगळी नोकरी, व्यवसाय किंवा कॉलेज. महिन्यातला एक वीकेंड आणि वर्षातले दोन आठवडे सराव. बोलावणं आलं की वर्दी चढवायची.

आता त्या फोटोंबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ते जवान दोन पाळ्यांच्या मधली डुलकी काढत होते. ड्युटी संपल्यावर राहण्याची सोय वेगळी आहे, असं गार्डनं सांगितलं होतं. थोडक्यात, फरशीवरची झोप हा काही घोटाळा नव्हता. घोटाळा झाला तो २१ जानेवारीला, शपथविधी पार पडल्यावर. हजारो जवानांना कॅपिटॉलच्या आवारातून उठवून जवळच्या एका सरकारी इमारतीच्या पार्किंगमध्ये पाठवण्यात आलं. थंड काँक्रीट, गाड्यांचा धूर, वर कोविडचे दिवस. वीज घ्यायला एकच प्लग आणि एकाच टॉयलेटमध्ये दोन संडास, असं जवानांनी पत्रकारांना सांगितलं. मामाचाच प्रश्न की हा!

बोंबाबोंब झाली. त्यांना हलवायला कुणी सांगितलं, यावरून यंत्रणा एकमेकांकडे बोट दाखवत राहिल्या. टेक्सास, फ्लोरिडा, न्यू हॅम्पशायरच्या गव्हर्नरांनी आपापले जवान परत बोलावले. त्याच रात्री जवानांना पुन्हा कॅपिटॉलमध्ये घेतलं गेलं. दुसऱ्या दिवशी नव्या फर्स्ट लेडी जिल बायडन चॉकलेट चिप कुकीज घेऊन त्यांना भेटायला गेल्या. सावत्र मुलगा बो गार्डमध्ये होता, त्यामुळे हे आयुष्य त्यांनी घरातून पाहिलेलं.

गंमत म्हणजे कॅपिटॉलला याची सवय आहे. १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झालं, तेव्हा मॅसॅच्युसेट्सच्या सहाव्या पलटणीचा मुक्काम थेट सिनेटच्या सभागृहात होता. तळघरात त्यांच्यासाठी पाव भाजायच्या भट्ट्या लागल्या. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी खाण्याचा विचार झाला होता!

नाही म्हणायचा हक्क

इथं माझ्यातल्या सेक्रेटरीला एक मुद्दा सापडला. अमेरिकेच्या राज्यघटनेतली तिसरी दुरुस्ती, १७९१ ची. शांततेच्या काळात मालकाच्या संमतीशिवाय कुणाच्याही घरात सैनिक ठेवता येणार नाही! इंग्रजांनी १७६५ मध्ये कायदा करून सैनिकांच्या राहण्याखाण्याचा भार वसाहतींवर टाकला होता, त्याचा राग होता तो. आणि हे कलम नुसतं पुस्तकात नाही. १९७९ मध्ये न्यूयॉर्कच्या तुरुंग कर्मचाऱ्यांनी संप केला. त्यांच्या जागी आलेल्या नॅशनल गार्डच्या जवानांना त्यांच्याच क्वार्टर्समध्ये झोपवलं गेलं. प्रकरण कोर्टात गेलं. १९८२ मध्ये अपील कोर्टानं सांगितलं की गार्डचे जवान हेसुद्धा घटनेतले ‘सैनिक’च आणि भाडेकरूलाही हे संरक्षण आहे.

म्हणजे मी बरोबर होतो? हक्काच्या हिशेबात, हो. बळजबरीनं कुणाचा हॉल घेऊ नये आणि जवानांची सोय ही मुळात त्यांना बोलावणाऱ्या सरकारची जबाबदारी, हे मला आजही पटतं. पण आम्हाला कुणी बळजबरी केली नव्हती. विनंती केली होती. आणि मी खोटं कारण सांगितलं होतं.

जागा असते, ठरवावी लागते

ठरवलं तर काय होतं, ते लंडननं २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये दाखवलं. खासगी कंपनीला पुरेसे गार्ड भरता आले नाहीत, म्हणून ऐन वेळी साडेतीन हजार जादा सैनिक बोलवावे लागले. त्या उन्हाळ्यात टोबॅको डॉक या जुन्या, ओस पडलेल्या शॉपिंग मॉलमध्ये सुमारे अडीच हजार सैनिक राहिले. दुकानांच्या गाळ्यांत कॅम्प कॉटच्या रांगा. फाइव्ह स्टार नव्हतंच, पण पत्ता होता, छप्पर होतं.

आणि हा नुसता आरामाचा मामला नाही बरं. पॅरिसजवळ लव्हालुआ-पेरेमध्ये ९ ऑगस्ट २०१७ रोजी एकानं सैनिकांवर गाडी घातली, सहा जण जखमी झाले. ते तेव्हा ड्युटीसाठी आपल्या मुक्कामाच्या जागेतून बाहेर पडत होते. जिथं जवान झोपतो, तिथं त्यालाही पहारा लागतो. उघडा ओटा ही त्या दृष्टीनं सगळ्यात वाईट जागा.

पुढे २०२३ च्या गणेशोत्सवात चौकीवरून पुन्हा निरोप आला. मी आता सेक्रेटरी नव्हतो, पण मीटिंगला गेलो आणि पाच वर्षांपूर्वीच्या एक्सेल शीटची गोष्ट सगळ्यांसमोर सांगून टाकली. मतदान झालं. दोघे विरोधात होते. त्यांची कारणंही मिनिट्समध्ये नीट लिहून घेतली. हॉल दिला. योगा क्लास दोन दिवस गच्चीवर भरला.

बारा जण आले. पहिला प्रश्न, "साहेब, चार्जिंग कुठं?" दुसरा, मामाचा. पहाटे चारला ते निघाले तेव्हा मी मुद्दाम उठलो होतो. हॉल झाडलेला होता, सतरंज्यांच्या घड्या एका कोपऱ्यात. एक जण जिन्यात बसून बूट चढवत होता. हसून म्हणाला, "आज काढले होते."

हॉल द्यायची वेळ आली तर...

- आधी टॉयलेटची किल्ली द्या, मग चहा विचारा.
- दोन-तीन एक्स्टेंशन बोर्ड लावा. घरी फोन करायचा असतो.
- पंखे चालतात का बघा. डासांची कॉइल ठेवा.
- महिला जवान असतील तर वेगळी खोली आणि आतून लागणारी कडी हवीच.
- पाळ्या वेगवेगळ्या असतात. दिवसा झोपणाऱ्यांसाठी पडदे लावा, मुलांना सांगून ठेवा.
- सेल्फी नको. झोपलेल्या माणसाचा तर नकोच नको!
- आणि द्यायचा नसेल तर सरळ नाही म्हणा. एक्सेल शीट उघडू नका.